भीती ओसरल्यानंतरचा धडा

१ डिसेंबरच्या सकाळी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा तालुक्यांच्या गावांत कॉलेजची पोरं छातीवर लाल फीत टाचून फेरी काढतात. पुढे फलक, मागे घोषणा, चौकात पथनाट्य, परत आल्यावर रांगोळ्यांचं परीक्षण आणि चहा-बिस्किटं. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर फोटो येतो. यात वाईट काही नाही. पण फेरीतल्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा, की एचआयव्हीची तपासणी तुझ्या गावाजवळ कुठं होते, तिला पैसे लागतात का, निकाल घरच्यांना कळवतात का. बहुधा तो हसून मित्राकडे बघेल. फलकावरच्या चारही घोषणा त्याला पाठ असतात, या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र त्याला कुणी दिलेली नसतात.

ही पुस्तिका या तीन प्रश्नांसाठी आणि त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आणखी बऱ्याच प्रश्नांसाठी आहे. ती वाचायची आहे वर्गात उभं राहणाऱ्यांनी: माध्यमिक शाळांचे शिक्षक, रेड रिबन क्लब सांभाळणारे प्राध्यापक, रासेयोचे कार्यक्रम अधिकारी, किशोरींच्या बैठका घेणाऱ्या आशाताई. पुढच्या पानांत विषाणूचं शास्त्र येईलच. प्रस्तावनेत मला वेगळं मांडायचं आहे. हा विषय आपण पंचवीस-तीस वर्षं भीतीच्या आधाराने शिकवला. आता ती भीती ओसरली आहे, आणि ओसरायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर धडाही गेला, कारण धड्यात दुसरं फारसं काही नव्हतंच.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ची. चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या तरुण विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले होते, त्यांत तो सापडला. नमुने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. शास्त्राच्या दृष्टीने ती शोधाची सुरुवात होती, लोकांच्या डोक्यात मात्र तिथून एक पक्की गाठ बसली की हा आजार ‘तसल्या’ बायकांचा आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांचा. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. औषध हाताशी नव्हतं, जे होतं ते महाग. मग सरकारजवळ उरलं काय, तर इशारा. हाडांचे सापळे, कवट्या, काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं आणि ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असा मजकूर एसटी स्टँडच्या आणि दवाखान्यांच्या भिंतींवर आला. त्या काळच्या लोकांना मी दोष देणार नाही. आग लागल्यावर माणूस आधी ओरडतो.

सगळं तसंच होतं असंही नाही. २००२-०३च्या सुमारास मुंबईत फलक लागले, ‘बलबीर पाशाला एड्स होईल का?’ अशा अर्थाचे. हा बलबीर कोण, याची लोकल गाड्यांत आणि पानाच्या ठेल्यांवर चर्चा झाली. दारूच्या नशेत तो निरोध विसरला तर, एकाच बाईकडे नेहमी जातो म्हणून तो सुरक्षित आहे का, असे एकेक प्रसंग पुढे येत गेले. त्या मोहिमेवर टीकाही झाली. पण तिने लोकांना घाबरवण्याऐवजी प्रश्न विचारला होता, आणि लोक त्याचं उत्तर आपापसांत शोधत होते. हे आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

१ एप्रिल २००४ला सरकारी रुग्णालयांत एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी, औषधं मोफत मिळू लागली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. पुढे केंद्रं वाढली. २०१७पासून लागण झाल्याचं कळलं, की प्रतिकारशक्तीच्या पेशी किती उरल्यात हे न पाहता लगेच उपचार सुरू करायचे, असं धोरण आलं. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. गोळी नियमित घेतली तर रक्तातल्या विषाणूचं प्रमाण इतकं खाली येतं, की तपासणीत तो सापडत नाही. आणि ज्याच्या रक्तात तो सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठळक बोलतो, कारण जिल्ह्यातल्या कित्येक शिक्षकांनाही ते नवं वाटतं. औषधं आली तशा नव्या लागणीही घटल्या. नॅकोच्या अंदाजाने देशात २०१०च्या तुलनेत २०२३पर्यंत त्या सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

आता हिशेब करा. यंदा बारावीत असलेलं पोर मोफत औषधं सुरू झाल्यानंतर जन्मलेलं आहे. त्याच्या आईवडिलांनी गल्लीत कुणीतरी वाळत वाळत गेलेलं पाहिलं असेल. अंत्ययात्रेला खांदा द्यायला माणसं न मिळाल्याचंही ऐकलं असेल. त्याने स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही. त्याला कवटी दाखवली तर तो ती मोबाईलवरच्या गेमसारखी बघतो. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असं सांगितलं तर पाच मिनिटांत गुगल करून तो तुम्हाला खोटं पाडेल, आणि बरोबर पाडेल. त्यानंतर तुम्ही निरोधाबद्दल जे खरं सांगाल त्यावरही तो विश्वास ठेवणार नाही. आणि हा आजार काही गेलेला नाही. देशात आजही पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगतात. राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, चार लाखांच्या जवळपास.

भीतीने शिकवलेलं एक मात्र टिकलं: माणसापासून लांब राहणं. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. ती मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा २००९ मध्ये पालकांनी विरोध केला. आमच्या पोरांशेजारी ती नकोत, म्हणाले. त्या पालकांना एड्सची माहिती नव्हती असं म्हणता येणार नाही. भिंतीवरच्या सापळ्याने जे शिकवलं ते त्यांनी तंतोतंत आत्मसात केलं होतं. बाकावर शेजारी बसून, एका नळाचं पाणी पिऊन किंवा एका चेंडूने खेळून हा विषाणू जात नाही, एवढंच काय ते भिंतीवर लिहायचं राहून गेलं होतं.

कायद्याने पुढे हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला. २०१७चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. शाळा, नोकरी, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला त्याने मनाई केली. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय निकाल कुणाला सांगता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. मुख्याध्यापकांनी हा कायदा एकदा तरी वाचावा. एखाद्या विद्यार्थ्याबद्दल स्टाफरूममध्ये कुजबुज करणं किती महागात पडू शकतं, ते त्यातून कळेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आत, आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त माणसं खेड्यांत. सोयाबीन आणि तूर निघाली की हाताला काम उरत नाही. मग पोरं पुण्याच्या चाकणकडे, मुंबईकडे, सुरतेकडे जातात. मानोरा भागातल्या तांड्यांवरून जोडपी ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात. काही पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात आणि दुपारी अभ्यासिकेत बसतात. भरती झाली नाही की तीही बॅग उचलतात. अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग जिल्ह्यातून जातो, नागपूर-संभाजीनगर रस्ता शेलूबाजार-मालेगाववरून जातो, डिसेंबर २०२२पासून समृद्धी महामार्गही आहे. अशा जिल्ह्याला ‘तरुणांनो, सांभाळा’ एवढं सांगून भागत नाही. घर सोडलेला वीस वर्षांचा पोरगा दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांबरोबर राहतो, हातात पहिला पगार असतो, ओळखीचं कुणी बघत नसतं. त्याला गावाकडेच, निघायच्या आधी, कुणीतरी सरळ बोलायला हवं होतं.

इथे एक सावधगिरी हवी. प्रशिक्षणांमध्ये ट्रक ड्रायव्हर आणि ऊसतोड मजूर यांना खलनायक करायची सवय आहे. वर्गात ज्याचा बाप ड्रायव्हर असतो, तो पोरगा त्या दिवशी मान वर करत नाही. विषाणू व्यवसाय बघत नाही. तो बघतो ती असुरक्षित कृती, आणि ती शिक्षकाच्या घरातही घडू शकते.

मुलींचं वेगळं आहे, आणि त्यांच्यासाठी आपण काहीच लिहिलेलं नाही. आपल्या सगळ्या उपदेशाचा मथितार्थ असतो ‘लग्नापर्यंत थांबा’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. यांतल्या बहुतेकींनी उपदेश अक्षरशः पाळला, थांबल्या, लग्न झालं, आणि लग्न हाच त्यांच्यासाठी धोका ठरू शकला. ज्या नवऱ्याची कधी तपासणी झाली नाही, त्याच्याशी ‘निरोध वापर’ म्हणायचं धाडस सतरा वर्षांची पोर कुठून आणणार? ‘माझ्यावर संशय घेते?’ एवढ्या एका वाक्यात तिचं तोंड बंद होतं. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यायची गोष्ट पोरींच्याच बैठकीत सांगून उपयोग नाही. ती पोरांच्या, आणि स्थळं जुळवणाऱ्या मामा-काकांच्याही बैठकीत निघायला हवी. पत्रिका बघायला वेळ काढणाऱ्या घरांनी दवाखान्यात अर्धा तास बसायला हरकत नसावी.

त्याच पाहणीत एचआयव्हीची ‘सर्वंकष माहिती’ किती जणांना आहे तेही मोजलं होतं. देशभरात बायकांमध्ये २१.६ टक्के, पुरुषांमध्ये ३०.७ टक्के. सर्वंकष म्हणजे फार मोठं काही नाही. निरोधाने आणि एकनिष्ठ जोडीदाराने धोका कमी होतो हे माहीत असणं, धडधाकट दिसणाऱ्यालाही लागण असू शकते हे माहीत असणं, आणि दोन नेहमीचे गैरसमज नसणं. एवढ्यावर पाचातल्या एकीला पास करता आलं. एड्स हे नाव ऐकलेलं असणं आणि एड्स समजणं यांत किती अंतर आहे, ते या दोन आकड्यांवरून दिसतं.

मग शिकवायचं कसं? माझं मत स्पष्ट आहे. भाषणाने सुरुवात करू नका. वर्गात एक खोका फिरवा, सगळ्यांना सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या द्या. नाव लिहायचं नाही आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, अगदी ‘मला काही विचारायचं नाही’ असं लिहिलं तरी चालेल. म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही, हे कुणाला कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. तुमचा अभ्यासक्रम त्यांतच तयार असतो.

आपल्याकडे त्यांत काय येतं ते या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ‘डास चावला तं होते काय?’ नाही होत. माणसाच्या शरीराबाहेर हा विषाणू फार दुबळा असतो, आणि डासाच्या पोटात तो वाढतही नाही. तसं असतं तर आपल्याकडे सगळ्यात आधी तान्ह्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना झाला असता. ‘न्हाव्याकडे दाढी केली तं?’ धोका नगण्य, पण ब्लेड नवं मागाच. ते एचआयव्हीपेक्षा ब आणि क कावीळ टाळायला. ‘जत्रेत हातावर नाव गोंदलं तं?’ इथे मात्र थांबून नीट बोला. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला लाखोंची गर्दी होते. अशा जत्रांत गोंदणवाल्याची एकच सुई किती हातांवरून फिरली, ते आपल्याला दिसत नाही. सुई समोर नवीन फोडली तरच गोंदून घ्या, नाहीतर नको. ‘पाहून समजते का?’ नाही समजत, वर्षानुवर्षं समजत नाही. हे एक उत्तर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा सांगायला हवं.

‘रक्तदानात टेस्ट होते ना, मग तिथंच कळून जाते’ हा प्रश्न नसतो, समजूत असते. शिवजयंतीला आणि १४ एप्रिलला गावोगाव रक्तदान शिबिरं भरतात, आणि एखादा पोरगा आपली तपासणी होऊन जाईल म्हणून हात पुढे करतो. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी होते हे खरं. पण लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत ती दिसत नाही. त्या काळात दिलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी नसेत जाऊ शकते. शंका असेल तर रक्तदान नको. त्यासाठी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र, आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयात असं केंद्र आहे, ग्रामीण रुग्णालयांतही तपासणीची सोय असते. तपासणी मोफत, आधी समुपदेशक बोलतात, मग बोटातून किंवा नसेतून थोडं रक्त घेतात. पहिल्या चाचणीत संशय आला तर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करून मगच निकाल पक्का करतात. निकाल फक्त त्या माणसाला देतात. नकारात्मक आला पण शंकेचा प्रसंग ताजा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

‘एकाच खेपेनं होते काय?’ होऊ शकते. दर खेपेला होतेच असं नाही, पण पहिली खेप सुरक्षित असते अशी कुठलीही सवलत नाही. ‘झालं असं वाटलं तं लगेच काही करता येते का?’ हा प्रश्न चिठ्ठीत आला, तर त्या चिठ्ठीमागे बहुधा कुणीतरी घाबरलेलं आहे असं समजा. येतं. बहात्तर तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, सरकारी रुग्णालयात गेलं तर लागण रोखणारी औषधं अठ्ठावीस दिवस घेता येतात. सुई टोचलेल्या परिचारिकेसाठी आणि अत्याचार झालेल्या मुलीसाठी हे तीन दिवस मोलाचे असतात. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात किती घरांना माहीत आहे?

‘आईले असलं तं लेकराले होतेच ना?’ उपचार नसतील तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना होऊ शकते. आईने औषधं घेतली, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला जन्मल्याबरोबर औषध मिळालं, तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत रक्त बघतात. आशाताई सासूला हे पटवतात, तेव्हा त्या ज्या शब्दांत बोलतात ते शब्द या पुस्तिकेतल्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा सरस असतात. जमलं तर एका तासाला त्यांनाच वर्गात बोलवा. तांड्यावर बैठक असेल तर गोरमाटी बोलणारं माणूस सोबत हवं. नायकाला आधी भेटून घ्या, नाहीतर बायका येतील आणि गप्प बसून उठून जातील.

काही चिठ्ठ्या चावट असतात. त्या फाडून टाकू नका. पन्नास चिठ्ठ्यांत पाच चावट येणार, त्यातल्या तिघांच्या चावटपणाखाली खरा प्रश्न असतो. तो तेवढा उचला आणि गंभीर चेहऱ्याने उत्तर द्या. दुसऱ्या तासाला चावट चिठ्ठ्या निम्म्या होतात.

प्रश्नांना उत्तरं देण्याचा हा रस्ता आपल्या भाषेत नवा नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक लैंगिक अडचणी लिहून विचारत आणि कर्वे आडवळण न घेता उत्तर देत. १९३४ साली त्यांच्यावर जो अश्लीलतेचा खटला झाला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. बचावाला वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. शंकेचं खरं उत्तर देणं हा गुन्हा ठरला, त्याला आता नव्वद वर्षं झाली.

वऱ्हाडाला आणखी जवळचं उदाहरण आहे गाडगेबाबांचं. बाबा कीर्तनात व्याख्यान देत नसत. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत, लोकांच्याच तोंडून उत्तर काढत, आणि ते उत्तर त्यांच्याच अंगावर उलटवत. दारू, कर्ज, अस्पृश्यता, नवसाचं बोकड, असे सगळे अडचणीचे विषय त्यांनी भर गावात, बायकापोरांसमोर काढले आणि कुणाला ते अश्लाघ्य वाटलं नाही. आज वर्गात ‘हा विषय आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं, की बाबांच्या कीर्तनाला जाणारी ती माणसं कुठल्या संस्कृतीतली होती?

आणि विदर्भातलंच तिसरं नाव डॉ. राणी बंग यांचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. जानेवारी १९८९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. त्या बायकांना दुखत नव्हतं असं नाही. बोलायला जागा नव्हती. पुढे ‘तारुण्यभान’ या शिबिरांतून राणीताई महाराष्ट्रभर पोरापोरींशी बोलल्या. शरीर, आकर्षण, गर्भधारणा, गुप्तरोग, एड्स, सगळं एकाच मांडवात, मुलं-मुली एकत्र बसवून. एचआयव्ही शिकवायचा तर तो एकटा उचलून शिकवता येत नाही, हे त्यातून मी शिकलो. शरीराबद्दल ज्याला काहीच सांगितलेलं नाही, त्याला विषाणू शरीरात कसा शिरतो हे कसं सांगणार? दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा धडा आहे. ‘हा घरून वाचून या’ असं म्हणून तो किती शाळांत उरकला जातो, ते आपणच आपल्या मनाला विचारावं.

सरकारचीही या बाबतीत चलबिचल झाली. केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. २००७ साली त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो शाळांत थांबवला. इतर काही राज्यांनीही तसंच केलं. २००९मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको असंच म्हटलं. तेव्हाचे विद्यार्थी आज तिशीत आहेत, त्यांची लेकरं शाळेत जाऊ लागली आहेत.

वर्गात शिरण्याआधी दोन कायदे ध्यानात ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या तपासणीला पालकाची संमती लागते. आणि २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाशी लैंगिक संबंध घडल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो संबंध दोघांच्या मर्जीचा का असेना. म्हणजे सतरा वर्षांची पोर विश्वासाने तुम्हाला काही सांगू लागली, तर ऐकून घेतल्यावर तुमचे हात बांधले जातात. हा पेच कायदा करणाऱ्यांनी सोडवायला हवा, शिक्षक तो सोडवू शकत नाही. शिक्षकाला एवढंच करता येतं: वर्गात कुणालाही स्वतःचा अनुभव विचारायचा नाही, ‘एखाद्या मुलीला असं झालं तर’ अशाच भाषेत बोलायचं, आणि काय सांगितलं तर आपल्याला कळवावं लागेल हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगून ठेवायचं. १०९७ हा मोफत हेल्पलाईनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि महिनाभर पुसू देऊ नका. तिथे नाव न सांगता बोलता येतं.

निरोधाचं प्रात्यक्षिक दाखवायचं की नाही, यावर दर प्रशिक्षणात वाद होतो. कॉलेजात दाखवावं, शाळेत तोंडी सांगावं, असं माझं मत आहे. पण सांगताना अर्धवट सांगू नये. तारीख बघणं, दातांनी न फाडणं, टोकातली हवा काढणं, तेल न लावणं, दर वेळी नवा वापरणं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो हेही.

शेवटी एक अगदी व्यवहाराची सूचना. खोक्यात असा एखादा प्रश्न निघेल ज्याचं उत्तर तुम्हाला येणार नाही. तेव्हा वर्गासमोर म्हणा, ‘मला माहीत नाही, आयसीटीसीच्या समुपदेशकाला विचारून पुढच्या शनिवारी सांगतो.’ मग खरंच विचारा, आणि शनिवारी दुसरं काहीही सुरू करण्याआधी ते उत्तर सांगा.